एक पुडी कमी

आदिलाबादहून आलेल्या नर्सबाईंनी डबा उपडा केला. पोषणाच्या पावडरीच्या दोन पुड्या उरायला हव्या होत्या, निघाली एकच. “काऊन वं वनमाला, पोराले जास्तीची देली काय?” वनमालेनं अंगणात पाहिलं. सिकलसेलच्या कळांनी गुडघे धरून ओरडणारा अमर ही पावडर सुरू झाल्यापासून हुंदडू लागला होता. “नाही बाई,” ती म्हणाली, “पितरपाटात मोठीचं पान पत्र्यावर ठेवलं. तिच्या दह्यात कालवली.” गेलेल्या थोरल्या लेकीलाही हेच दुखणं होतं, तेव्हा आईच्या हाती गरम तेलाशिवाय काही नव्हतं. दोन वर्षं पुरणपोळी ठेवूनही कावळा शिवला नव्हता. यंदा त्यानं आल्याआल्या दह्यातच चोच घातली, आणि तो उडून गेल्यावरही वनमाला पत्र्याकडे बघत राहिली. नर्सबाईंचं पेन वहीवर थबकलं. “सांडली असं लिहिते,” त्या हळूच म्हणाल्या. “सांडली नका लिहू बाई,” वनमाला कळवळली. “पोचली लिहा.”