मागच्या बाकावरचा नवा माणूस

पोलिसांनी पिरगळल्यापासून आमच्या चर्चच्या थोरल्या बाईचा, मदर लुव्हेनियाचा, उजवा हात खांद्याच्या वर जाताना ठणकायचा. पोलिसांविरुद्धची तक्रार फेटाळली गेली, म्हणून तिने शहराच्या प्रशासनावरच दावा लावला. वकिलाने बजावलं, "ते पाळतीला माणसं पाठवतील, मदर. चर्चमध्येसुद्धा. भजनाच्या भरात हात एकदा वर गेला, की खटला गेलाच समजा."

आणि मागच्या बाकावर एक नवा माणूस येऊन बसू लागला. आमचे पास्टर प्रवचन सांगता सांगता गाऊ लागतात, तेव्हा म्हातारेकोतारेही उभे राहतात. हा मात्र बसल्या बसल्या तिच्याकडेच बघायचा.

"टाळी तरी बघ त्याची," सिस्टर ओडेसा कुजबुजली. "एकदाही तालात पडत नाही. मेला सरकारीच असणार!"

त्या रविवारी पास्टरांचा सूर असा चढला, की लुव्हेनियाचं सगळं अंग डोलू लागलं. उजवा हात तेवढा तिने मांडीवरच्या बायबलखाली दाबून धरला. तोच तो माणूस उठला आणि रडत रडत वेदीपाशी गेला.

असा वेदीपाशी येणारा आमच्या चर्चचा सभासद होतो, आणि नव्या सभासदाला सगळ्यांनी उजवा हात द्यायचा, ही आमची रीत. लुव्हेनियाने मुद्दाम डावा पुढे केला.

"बरोबर आहे, मदर," तो पुटपुटला. "उजवा पिरगळला, तेव्हा मी वर्दीत तुमच्या दारात उभा होतो. कोर्टात सांगेन मी."

तिने त्याचा हात सोडला नाही.

"कोर्ट लांब आहे, लेकरा. आधी इथं सांग. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं."