नमुन्याची ओळ

पेटीवाल्याने सूर धरला, तरी चारुताने शब्द काही उच्चारले नाहीत. स्वतःचंच गाणं तिने नुसत्या ‘आ’कारात सुरू केलं.

दुसरा इलाजच नव्हता. दिवसा ती एका कंपनीत मराठी फॉन्ट घडवायची. नव्या अक्षरांचं वळण दाखवायला नमुन्याची एखादी ओळ लागते, म्हणून तिने भाबडेपणाने आपल्याच गाण्याचा मुखडा दिला होता: ‘खिडकी उघड सये, ऊन आलंय दारी.’ फॉन्ट गाजला आणि साहेबांनी थंडपणे सांगितलं, "करार वाचलात ना, बाई? फॉन्ट कंपनीचा, ओळही कंपनीची. कुठे गायलात, तर कोर्टात भेटू."

आणि आज मिरजेच्या या छोट्या हॉलात साहेब पहिल्याच रांगेत, आईला शेजारी घेऊन, तिच्या ओठांवर डोळे लावून बसले होते. चाल मोकळी फिरत होती. शब्द मात्र घशाशी येऊन माघारी जात होते. राहत्या घराला कुणी बाहेरून कडी घालावी, तसं तिला झालं.

तेवढ्यात साहेबांच्या आईने चष्मा सावरत तिच्या चालीत सूर मिसळला, "खिडकी उघड सये..." मागच्या रांगांतून आणखी चार-दोन आवाज आले.

सगळ्यांच्या नजरा आपल्या पाठीमागे लागलेल्या पाहून चारुताने गर्रकन वळून पाहिलं. मंचामागचा बॅनर तिच्याच फॉन्टमध्ये छापलेला होता. छापणाऱ्याने तिचं नाव टाकलं होतं, पण खालची नमुन्याची ओळ काढायला तो विसरला होता.

"आई, गप बस!" साहेब पुटपुटले.

"का म्हणून? एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ते काय नुसतं बघायला?"