सतरा नंबरची शेपटी

तपासनीसाने कात्री उघडली तेव्हा उंदीरमामांनी नजर टेबलावरून काढून भिंतीवरच्या घड्याळाला लावली. साडेदहा. एक वाजता निकाल येणार होता. म्हणजे नोकरीचे अडीच तास शिल्लक होते.

कात्रीखाली शेपटी होती सतरा नंबरची. सतरा नंबर म्हणजे ऐरागैरा उंदीर नव्हे. प्रयोगशाळेतले उंदीर अडीच-तीन वर्षांत गाशा गुंडाळतात. हा प्रमुख मॅडमनी शोधलेलं आयुष्य वाढवणारं औषध घेऊन पाच वर्षांचा झाला होता आणि दिसायला अजून कॉलेजात जाणारा. वर्तमानपत्रात त्याचा फोटो मॅडमच्या फोटोपेक्षा मोठा यायचा. त्याच्या भरवशावर एक बडी कंपनी आख्खी प्रयोगशाळा विकत घ्यायला निघाली होती. "सतरा आहे तोवर आपण आहोत," असं मॅडमनी बैठकीत सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून प्रयोगशाळेतल्या चौदाच्या चौदा जणांनी त्याच्या पिंजऱ्याजवळ शिंकणं सोडलं होतं.

अडचण एकच होती. सतरा नंबर अकरा दिवसांपूर्वी मेला होता.

हे जगात फक्त उंदीरमामांना ठाऊक होतं. बावीस वर्षं उंदीर सांभाळून हे नाव त्यांना चिकटलं होतं. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. त्या गुरुवारी ते नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आले, दिवा लावला, तर सतरा नंबर चारी पाय वर करून पडलेला. आदल्या दिवशी फोटोवाल्यांनी तासभर त्याच्यावर झगझगीत दिवे रोखले होते. म्हाताऱ्याला सोसलं नसणार.

मामा स्टुलावर बसले. मॅडमची पंधरा वर्षं, चौदा घरांच्या चुली, आणि स्वतःच्या निवृत्तीला राहिलेली तीन वर्षं. सगळं त्या चार पायांवर उभं होतं, आणि ते चारही पाय आता छताकडे होते.

मग ते उठले. मेलेल्याच्या कानातला नंबराचा बिल्ला काढला. खालच्या खणात औषध न दिलेले, बिनबिल्ल्याचे साठ साधे उंदीर होते, सगळे तसेच पांढरेशुभ्र. मामांनी आत हात घातला तसे एकोणसाठ कोपऱ्यात पळाले, आणि एक मुकाट्याने तळहातावर चढून बसला. "तुझीच हौस दिसते," मामा त्याला म्हणाले आणि बिल्ला त्याच्या कानात अडकवला. नोंदवहीत लिहिलं : खालच्या खणातला एक मृत. बावीस वर्षांतली त्यांची ही पहिली खोटी नोंद. अक्षर मात्र नेहमीपेक्षा चांगलं आलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि आज सौद्याआधी ओळख पटवायला कंपनीने हा तपासनीस धाडला. हे उंदीर मिश्र जातीचे, त्यामुळे प्रत्येकाचा जनुकांचा ठसा वेगळा. बिल्लेवाल्या प्रत्येकाच्या शेपटीचा एक तुकडा जन्मतःच गोठवून ठेवलेला असायचा. तो तुकडा आणि आजचा तुकडा ताडून पाहायचे, बस्स.

मॅडमनी आढेवेढे घेऊन पाहिले. एवढ्या वयाला जखम भरत नाही म्हणाल्या, पुढच्या महिन्यात करू म्हणाल्या. तपासनीस ऐकून घेत होता आणि हातमोजे चढवत होता. उंदराने त्याला कडकडून चावा घेतला.

"वय झालंय म्हणता," तो बोट पाहत म्हणाला, "दात मात्र सगळे शाबूत आहेत."

तुकडा घेऊन तो बाहेर उभ्या असलेल्या गाडीतल्या यंत्राकडे गेला.

त्यानंतरचे दोन तास मामांनी एकच पिंजरा चार वेळा धुतला. मॅडमनी चहात तीनदा साखर घातली आणि चहा प्यायला नाही. शेवटी न राहवून मामा त्यांच्या खोलीच्या दाराशी गेले.

"मॅडम, समजा निकाल उलटा आला, तर?"

मॅडमनी झटकन मान वर केली. "का येईल उलटा? तुम्ही कोणाजवळ काही बोललात का?"

"मी कशाला काय बोलू?"

"मग आता तरी बोलू नका."

संशय आलाय बाईंना, मामांनी ताडलं. आता बोलावं तरी नोकरी जाते, न बोलावं तरी जाते. घरी बायकोला काय सांगायचं, याची त्यांनी मनात तालीम सुरू केली. पहिल्याच वाक्यात ती हसू लागली, म्हणून ती तालीम त्यांनी सोडून दिली.

एकला दहा मिनिटं असताना तपासनीस आला. चेहरा कोरा, हातात कागद, बोटाला पट्टी.

"दोन्ही तुकडे एकाच उंदराचे आहेत," तो म्हणाला. "तिळभरही शंका नाही. सही करा, सौदा पक्का."

मॅडमनी सही केली. घाईत आडनाव लिहायचं राहिलं, ते मागून जोडलं. तपासनीस गेला. बाहेर कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मामा तिथेच उभे राहिले. नोकरी वाचली होती, चौदा चुली वाचल्या होत्या. पण उद्या ही औषधाची गोळी माणसं गिळणार, आणि तीही एका मेलेल्या उंदराच्या भरवशावर, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

"मॅडम, ते यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. "वरच्या पिंजऱ्यातला तो उंदीर सतरा नंबर नव्हेच."

मॅडमनी उठून दार लावलं. 

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी हळूच विचारलं. "फोटोवाल्यांच्या दिव्यांनी त्याला काही होऊ नये, म्हणून त्या दिवशी मीच त्याचा बिल्ला खालच्या खणातल्या एकाला लावला आणि सतराला खाली त्यांच्यात लपवलं. अकरा दिवस झाले, मामा, रोज तो खण चाळतेय. खरा सतरा सापडतच नाही."