सरळ नळीची तोफ

"नळी वाकवा थोडी, टेकचंदभाऊ," मारोतराव म्हणाला. "अशी ताठ नाई पायजे. म्हाताऱ्या बैलाच्या मानीसारखी लोंबली पायजे."

टेकचंद सुतारानं हातातला रंधा खाली ठेवला. एकोणनव्वदच्या निवडणुकीचे दिवस होते. लाखनीच्या हमरस्त्यावर, त्याच्या दुकानापुढं, तोफ तयार उभी होती. मारोतराव विरोधी पक्षाच्या उमेदवाराचा उजवा हात. पंधरा दिवसांपूर्वी तोच सांगून गेला होता, मिरवणुकीसाठी ती नवी परदेशी तोफ बनवा, हुबेहूब बनवा.

टेकचंदनं हुबेहूब बनवली होती. त्याचा मुलगा तेजराम याच तोफेवर सीमेवर होता. सुट्टीत आला तेव्हा त्यानं दुकानाच्या फळीवर खडूनं सगळी काढून दाखवली होती. ओढणाऱ्या ट्रकची दोरी सोडली तरी ही आपल्या इंजिनावर चालते. गोळा यंत्र उचलून देतं, नेम किती अंशाचा तेही यंत्रच सांगतं. टेकचंदनं बोअरचा लोखंडी पाइप नळी म्हणून बसवला, नळी वर-खाली करायला दांडा केला, सागवानी गोळा उचलायला लाकडी हात केला. हिशेबाच्या यंत्राच्या जागी सपाटी पाहायची आपली पाणसळ ठोकली. पाणी उपसायचं जुनं इंजिन पट्ट्यानं चाकांना जोडलं. बैलांशिवाय तोफ वीस पावलं चालली आणि मग पट्टा सुटला. तरी वीस पावलं म्हणजे काही थट्टा नव्हती!

"वाकवायची कायले?" त्यानं विचारलं.

"नोटा लटकवायच्या हायेत नं." मारोतरावानं पिशवीतून माळ काढली. रद्दी कागदावर छापलेल्या नोटा, चांगली दोन हात लांब. "तोफेच्या तोंडातून नोटा गळून राहिल्या, असं दिसलं पायजे. लोकं हासून हासून लोटपोट होतील."

हासून. त्या परदेशी तोफेच्या सौद्यात दलालानं पैसे खाल्ल्याची देशभर बोंब होती. दिवाळीच्या सुट्टीत समोरच्याच चहाच्या टपरीवर कुणीतरी तेजरामला विचारलं होतं, तुझ्या तोफेतून गोळा निघते का नोटा? सारी टपरी हसली. टेकचंदही हसला. उगीच, चारचौघांत आपलं हसतो तसा. पोरानं बापाकडं एकदा पाहिलं, भरलेला कप तसाच ठेवला आणि सुट्टी दोन दिवस बाकी असताना गाडी धरली. त्यानंतर त्याचं पत्र नव्हतं. त्या हसण्याच्या लाजेनं टेकचंदला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"नोटा नाई लागणार," तो म्हणाला.

"भाऊ, आमी तोफेले नाई, दलालाले हासून राहिलो."

"मंग दलाल बनवा. मीच बनवून देतो, फुकट. पोट असं काढतो का रस्त्यात मावन नाई."

"दलालाचं तोंड पाह्यलं कोनं? तोफ लोकाईले मालूम हाय."

"म्हंजे चोर सोडून संन्याशाले फाशी," टेकचंद म्हणाला. "थ्या तोफेपाशी माहा पोरगा उभा हाय, मारोतराव. खाल्ले कोनं आन् हासता कोनाले?"

मारोतराव काही वाईट माणूस नव्हता, पण मिरवणूक तासाभरावर आली होती. त्यानं बरोबरच्या दोघा पोरांना खूण केली. त्यांनी जोर लावला, पण लोखंडी पाइप काही वाकला नाही. त्यांनी नोटांची माळ तशीच नळीच्या तोंडाला बांधली. टपरीवरची माणसं कप घेऊन रस्ता ओलांडून आली. दोन ट्रकवालेही उतरले. माळ वाऱ्यानं हलली आणि गर्दीत पहिलं हसू फुटलं.

टेकचंदनं दुकानाकडं मान वळवली. दारात त्याची बायको, सत्यभामाबाई, उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याचा लोटा होता, दुसऱ्या हातात कार्बाइडचा डबा. धानातली रानडुकरं धडाका करून हाकायला लागतो तो, घरोघरचा.

तिनं कुणाला काही विचारलं नाही. नळीच्या मागचं झाकण काढलं, चांगला लिंबाएवढा खडा आत टाकला, वर पाण्याचा शिपका मारला, झाकण घट्ट बसवलं. टेकचंदनं दांडा फिरवला. नळी वर उठू लागली, नोटांची माळ घेऊन, धान कापलेल्या बांध्यांच्या वर, मोकळ्या आभाळाकडं. त्यानं पाणसळीकडं वाकून पाहिलं.

"सामनेचे बाजूले व्हा," तो म्हणाला.

"काय करून राहिले?" मारोतराव ओरडला. "अहो, पागल झाले का?"

टेकचंदनं लांब काठीच्या टोकाला पेटती चिंधी बांधली आणि झाकणाच्या भोकाला लावली.

लाखनीच्या रस्त्यावर असा आवाज कुणी ऐकला नव्हता. टपरीवरचे कप फुटले. चिंचेवरचे बगळे उठले. मारोतराव होता तिथंच मातीत बसला. नोटांच्या माळेचा दोरा तेवढा नळीला राहिला. नोटा चिंध्या होऊन, कडेनं जळत, बांध्यांत पडत होत्या.

कुणी हसलं नाही. एका ट्रकवाल्यानं कानातलं बोट काढलं आणि डोक्यावरची टोपी सरळ केली.

मारोतराव कपडे झटकत उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. पिशवीत हात घालून त्यानं दुसरी माळ काढली आणि पोरांना म्हणाला, "बांधा रे!"

पोरं जागची हलली नाहीत. टेकचंदनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं नळीचं तोंड पुसलं, पुन्हा पाणसळीशी वाकला.

"तेजरामची माय," तो म्हणाला, "दुसरा भर."