दुपारी तीनचे पाच अँपिअर

मावशींनी आमच्या घराची किल्ली टेबलावर खळ्कन ठेवली आणि चपला पायात सरकवल्या.

लेक झोपली की मी हौसेने इलेक्ट्रॉनिक्सचे उद्योग करत बसते. विजेचा प्रवाह मोजणारं एक सेन्सर मॉड्यूल मी सहज गंमत म्हणून इस्त्रीच्या प्लगला जोडलं होतं. तर मी ऑफिसात असताना रोज दुपारी तीनला फोनवरच्या आलेखात पाच अँपिअरचा उंचवटा दिसायला लागला, म्हणजे कुणीतरी इस्त्री लावत होतं. आठवड्याभराचा तो आलेख मी आज लेकीला सांभाळणाऱ्या मावशींच्या पुढ्यात धरला.

"स्वतःच्या घरचे कपडे इथे आणून इस्त्री करता होय? निदान विचारायचं तरी."

"यंत्र कशाला खोटं बोलेल, ताई," त्या म्हणाल्या. "इस्त्री मीच लावत होते."

त्यांच्यामागे दार लागलं, तशी लेक पडद्याआडून बाहेर आली.



"आई, झोपेत शू झाली की मावशी माझी चड्डी धुवून इस्त्रीने वाळवायची, तू यायच्या आत. तू ओरडू नयेस म्हणून. उद्या झाली तर कोण वाळवणार?"