साफ फोटो

बालाघाटच्या शिबिरात बायांना शिकवलं होतं, की पेपरवाल्यांशी बोलणारा माणूस एकच ठेवा आणि बातमीसोबत त्याचा साफ फोटो द्या. राजेगावच्या बायांनी सत्यभामाला पुढं केलं. येत्या मंगळवारी गिट्टीच्या, म्हणजे खडीच्या खदानीची जनसुनावणी होती, तिथंही तीच बोलणार होती. त्यांच्यातल्याच मंजूनं मोबाइलवर तिचा फोटो काढला. खदानीच्या विरोधातली बातमी आणि तो फोटो सत्यभामानं स्वतः जाऊन वार्ताहराच्या हातात दिला.

तीन दिवस काहीच छापून आलं नाही. शुक्रवारी सकाळी तिचा नवरा महागू चौकातून पेपर घेऊन आला.

"तुहा फोटो आला," तो म्हणाला.

"हौ? अन् बातमी?"

त्यानं शेवटचं पान उघडून तिच्यापुढं धरलं. काळ्या चौकटीत तिचा तोच फोटो होता. खाली तिचं नाव, गाव आणि 'विनम्र श्रद्धांजली'.

सत्यभामा हसली. "पेपरवाल्याची चूक झाली असन. फोन करा त्याले."

"चूक नाही वं," महागू म्हणाला. "तारीख पाह्य."


स्वर्गवासाची तारीख येत्या मंगळवारची होती.