ट्रिमचा मूळ अर्थ

भाविकाला बघायला आलेला इंग्रजीचा प्राध्यापक हेमकांत चहात बिस्किट बुडवत म्हणाला, “लग्नानंतर तुम्हाला नोकरी जरा ट्रिम करावी लागेल. घाबरू नका. जुन्या इंग्रजीत ट्रिम म्हणजे कापणं नव्हतंच, बळकट करणं होतं. तसं आपलं घर बळकट होईल.”

माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भाविकाने पानावरच्या अळीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. मग वडिलांकडे वळली.

“आबा, केळी बळकट व्हावी म्हनीसन आपन काय कापतस?”

“बुंधाना बाजूले फुटेल पिलं. फुकटनं खातस आनि घड भरू देत नहीत,” म्हणत आबा उठले आणि हेमकांतच्या चपला त्यांनी फाटकाकडे तोंड करून ठेवल्या.